शिळेवरचे नाव : एलिझाबेथ गूल्ड

१८३०च्या सुमारास हिमालयातील पक्ष्यांच्या वाळवलेल्या कातड्यांचा एक संग्रह लंडनमध्ये जॉन गूल्ड यांच्या हाती आला. झूलॉजिकल सोसायटीच्या संग्रहालयात मृत पक्ष्यांत पेंढा भरून ते जतन करणे हा त्यांचा व्यवसाय. या संग्रहावर त्यांनी सचित्र ग्रंथ काढायचे ठरवले. मजकूर निकोलस व्हिगर्स यांनी लिहिला. चित्रे आली जॉन यांच्या पत्नी एलिझाबेथ यांच्याकडे.

तोवर पक्षिचित्रे बहुधा तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापत. चित्रकार चित्र काढी आणि कोरणारा कारागीर ते पुन्हा आपल्या हाताने उतरवी. शिळाछापात हा मधला हात गळला. (मराठीतील जुन्या शिळाछाप पोथ्या याच तंत्राच्या.) चुनखडीच्या घोटीव शिळेवर तेलकट खडूने चित्र काढायचे, शिळा भिजवायची आणि तेलकट शाई फिरवायची. ओला दगड शाई झिडकारतो, खडूची रेघ ती धरून ठेवते. खडूच्या दाणेदार रेघेत पिसांचा मऊपणा उतरतो, तसा तांब्यावर क्वचितच उतरे. छाप मात्र उलटा उमटतो. म्हणून डावे-उजवे आधीच फिरवून काढावे लागते. छापल्यानंतर प्रत्येक प्रत हाताने रंगवली जाई.

ग्रंथात ८० चित्रे आणि १०० पक्षी होते. चित्रांखाली ‘निसर्गावरून व शिळेवर रेखाटन : ई. गूल्ड’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ आहे. हा ‘निसर्ग’ म्हणजे अर्थात कातडी! एलिझाबेथ यांनी हिमालय पाहिलाच नव्हता. ज्यांनी ते पक्षी टिपले, सोलले आणि वाळवले, त्यांची नावे तर चित्रांखाली कुठेच नाहीत.

पुढच्या ‘बर्ड्‌स ऑफ युरोप’मध्ये तिच्या जागी ‘जे. आणि ई. गूल्ड’ ही जोडसही आली. चार्ल्स डार्विन यांच्या बीगल सफरीतील पक्ष्यांची चित्रेही एलिझाबेथ यांनीच शिळेवर काढली. गॅलापागोस बेटांवरचे ते प्रसिद्ध फिंच त्यांतलेच. १८४१मध्ये बाळंतपणानंतर त्यांचे निधन झाले, तेव्हा त्या अवघ्या ३७ वर्षांच्या होत्या.

व्हिगर्स यांनी १८३१मध्येच हिमालयातील एका शिंजीर पक्ष्याला त्यांचे नाव दिले होते. १८४४मध्ये जॉन यांनी ऑस्ट्रेलियातील एका रंगीबेरंगी फिंचला पत्नीच्या स्मरणार्थ ‘गूल्डिए’ हे नाव दिले. इंग्रजीत त्याला ‘गूल्डियन फिंच’ म्हणतात. त्यावरून तो कोणत्या गूल्डचा, हे कळत नाही. लॅटिन नावाच्या शेवटचा स्त्रीलिंगी प्रत्यय तेवढा ते सांगतो.