सीनेचें पाणी आणि विलायती आंकडा

सोलापूरहून दक्षिणेस हत्तरसंग-कुडल येथें सीना भीमेस मिळते. संगमावरील संगमेश्वराच्या देवळांत शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा, मराठी लेख आहे. आद्य मराठी लेख कोणता या वादांत त्याचें नांव आतां अग्रभागीं असतें. भाषाभिमानी मंडळी तो पाहावयास जातात. घाटाखालच्या पाण्याकडे मात्र फारसें कोणी पाहत नाहीं. आम्हांस आज त्या पाण्याविषयींच लिहावयाचें आहे. त्यासही इतिहास आहे, आणि त्यांतील एक महत्त्वाचें प्रकरण विलायतेंत घडलेलें आहे.

सोलापूर हें नदीकांठचें शहर नव्हे. १८७१ सालीं पुऱ्या झालेल्या एकरुखच्या तलावाचें पाणी त्यानें प्यावें, १८७७ सालापासून गिरण्या चालवाव्या, आणि मळलेलें पाणी नाल्यांतून सीनेकडे लोटावें, असा दीर्घ काळ क्रम होता. पुढें भीमा आणि १९८० सालीं पुरें झालेलें उजनीचें धरण यांवर शहराची भिस्त पडली. शहरांत येणाऱ्या पाण्याचा शेंकडा ८० भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतो, असें अभियंते धरून चालतात. तें शुद्ध करावयास देगांव येथें रोजीं साडेसात कोटि लिटर क्षमतेचें केंद्र उभें आहे. मग शंका कसली उरली, असें वाचक विचारतील.

शंका ‘शुद्ध’ या शब्दाविषयींच आहे. सांडपाण्यांतील सेंद्रिय घाण कुजतांना पाण्यांतील प्राणवायु खाते. पांच दिवसांत ती तो किती खाते हें तिचें माप. इंग्लंडांत १८९८ सालीं नेमलेल्या राजकीय कमिशननें १९१२ च्या आपल्या आठव्या अहवालांत हें माप लिटरामागें २० मिलिग्रॅम आणि तरंगता गाळ ३० मिलिग्रॅम, अशी मर्यादा घातली. परंतु तिला एक अट होती: सांडपाण्याच्या एका भागास नदीचें स्वच्छ पाणी निदान आठ भाग असावें. हिशेब सरळ आहे. नदीच्या आठ भागांचें प्रत्येकीं २ प्रमाणें १६, सांडपाण्याचे २०, मिळून ३६. नवांनीं भागिलें असतां ४ येतात, आणि चारांपलीकडे नदी नासूं लागते असें कमिशनचें मत होतें. पांच दिवसांची मुदत तरी कां? तर तिकडच्या नद्या तेवढ्या अवधींत समुद्रास मिळतात म्हणून, असें सांगतात. सीनेच्या पाण्यास भीमा आणि कृष्णा यांच्या वाटेनें बंगालचा उपसागर गांठावयाचा असतो!

महाराष्ट्रांत १९६९ च्या कायद्यान्वयें १९७० सालीं जलप्रदूषण-प्रतिबंधक मंडळ स्थापन झालें. १९७४ सालीं मध्यवर्ती कायदा आला. पुढील नियमांत घाणीचें माप ३० मिलिग्रॅमपर्यंत चालेल असें ठरलें. आठ भागांची अट वाटेंतच गळाली. विलायती ग्रंथांतील सूत्र पाठ करावें आणि त्याची अट विसरावी, ही आम्हां इंग्रजी शिकलेल्यांची जुनी खोड आहे. पावसाळा सरला कीं सीनेची धार आटत जाते. वरून धरणाचें पाणी सोडलें नाहीं तर शहराच्या खालीं नदी म्हणून जें वाहतें तें बहुतांशीं शहराचेंच पाणी. त्या वेळीं नियम तंतोतंत पाळला तरी तिसांचे तीसच राहतात. त्यांत आमचा उन्हाळा. कमिशनच्या परीक्षेचें पाणी ६५ अंश फॅरनहाइटचें. त्यांत लिटरामागें सुमारें साडेनऊ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो. ८६ अंशांच्या पाण्यांत तो साडेसातच मावतो, आणि ऊब वाढली कीं कुजण्याचा वेगही वाढतो.

शुद्धीकरण निरर्थक आहे असें आम्ही म्हणत नाहीं. कच्च्या सांडपाण्यापेक्षां तें पाणी कितीतरी बरें. पण साध्या केंद्रांतून नत्र आणि स्फुरद बव्हंशीं तसेच निसटतात. त्यांवर पाण्यांतील शेवाळ आणि जलपर्णी पोसते. उजनीचा जलाशय हें त्याचें उदाहरण. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें ३० एप्रिल २०१९ रोजीं तिसांऐवजीं १० ही मर्यादा सांगितली, आणि नत्र व स्फुरद यांसही बंधन घातलें. शंभर वर्षांनंतर कां होईना, नदींत पाणी नसतें ही गोष्ट आंकड्यांत उतरूं लागली.

तिकडे पुण्याचें सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेंत आणि भीमेंतून उजनींत येतें. सोलापूर तेथील पाणी पितें, वापरतें आणि सीनेस देतें. कुडल येथें संगमेश्वरापाशीं तें पुन्हां भीमेंत मिळून कर्नाटकाकडे जातें, आणि खालच्या गांवांच्या विहिरी त्याच पात्राच्या कडेला आहेत.