प्रवाळ बसविण्याची बंधद्रव्ये : शिसे-चुन्यापासून सायनोअॅक्रिलेटपर्यंत एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
सांगोला परिसरातील माणदेशी जमिनीत आढळणारी चुनखडी आणि मालवणच्या समुद्रातील प्रवाळाचा सांगाडा ही दोन्ही रासायनिकदृष्ट्या मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच होत. चुनखडी भाजून चुना करता येतो व त्याने दगड सांधता येतात. प्रवाळ हा मात्र सजीवाने स्वतः रचलेला दगड असून तो निखळल्यास पुन्हा बसवावा लागतो. खाऱ्या पाण्यात प्रवाळ कशाने बसवावे, हा प्रश्न वरवर पाहता काचेच्या टाकीत प्रवाळ जोपासणाऱ्या छंदिष्टांपुरता वाटतो. परंतु पाण्यातील जोडकामाची परंपरा महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जुनी आहे. तिचा आढावा घेऊन बंधद्रव्याच्या निवडीमागील तत्त्व स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शिसे आणि चुना :
छत्रपती शिवाजी महाराजांनी इ. स. १६६४ मध्ये मालवणजवळील कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू केले. तटाच्या पायाचे दगड शिशाच्या रसात बसविल्याचे सांगितले जाते. मुरूडजवळील पद्मदुर्गावर चुन्याचा प्रभाव अधिक ठळकपणे दिसतो. तेथे लाटांच्या माऱ्याने तटाचे दगड झिजून आत गेले, परंतु दगडांमधील चुन्याचे थर अद्याप पुढे उभे आहेत. मातीचा अंश असलेल्या चुनखडीपासून केलेला चुना ओलाव्यातही घट्ट होतो. म्हणजेच पाण्यात टिकणारे बंधद्रव्य पाण्याला केवळ विरोध करणारे नसून पाण्याशी जुळवून घेणारे असावे लागते.

तथापि तटाचा दगड निर्जीव आहे. शिसे हा विषारी धातू असल्याने जिवंत प्रवाळासाठी तो निषिद्ध ठरतो. तांब्याचा अल्प अंशही प्रवाळासारख्या अपृष्ठवंशीय जीवांना घातक असतो. त्यामुळे मजबुतीबरोबरच निर्विषता ही दुसरी कसोटी येथे लागू होते.

आधुनिक बंधद्रव्ये :
इ. स. १९४२ मध्ये अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर हे बंदुकीच्या नेमसाधनासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत असताना त्यांना सायनोअॅक्रिलेट गवसले. प्रत्येक वस्तूला चिकटणारा हा पदार्थ त्या वेळी निरुपयोगी ठरविण्यात आला. इ. स. १९५१ मध्ये त्याचे महत्त्व ध्यानात आले व इ. स. १९५८ मध्ये तो बाजारात आला. घरोघरी परिचित असलेले फेव्हिक्विक याच कुळातील आहे. हवेतील किंवा पृष्ठभागावरील ओलाव्यामुळेच हे द्रव्य घट्ट होते, म्हणून ते ओल्या प्रवाळावर चालते. एपॉक्सी राळेचा विकास याच शतकाच्या चौथ्या व पाचव्या दशकांत झाला. दोन भाग मळून तयार होणारा एपॉक्सीचा लगदा गळक्या नळासाठी वापरल्या जाणाऱ्या एम-सीलमुळे सर्वांच्या ओळखीचा आहे.

प्रवाळ-मत्स्यालयाचा छंद या द्रव्यांच्या बरोबरीने वाढला. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी इ. स. १९६१ मध्ये जिवंत खडकावर आधारित मत्स्यालयाची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे युरोपात ती विकसित झाली आणि प्रवाळाचे तुकडे करून ते वाढविणे शक्य झाले.

निवड आणि वापर :
लहान तुकड्यासाठी घट्टसर, न ओघळणारे सायनोअॅक्रिलेट योग्य ठरते. पातळ द्रव्य पाण्यात पसरते व त्यावर लगेच साय धरते. तुकड्याच्या बुडाचे पाणी टिपून, द्रव्याचा गोळा लावून तो पाण्याखाली खडकावर दाबून किंचित फिरविला असता ती साय फाटून आतील ताजे द्रव्य खडकाला भिडते. जड प्रवाळासाठी एपॉक्सीचा लगदा वापरतात. तो खाचा भरून भार पेलतो, परंतु त्याची चिकटण्याची शक्ती कमी असल्याने त्याच्या दोन्ही बाजूंस सायनोअॅक्रिलेट लावण्याची रीत आहे. सिमेंट स्वस्त असले तरी ताजे सिमेंट पाण्याचा अल्कधर्म वाढविते, म्हणून ते आधी बराच काळ पाण्यात मुरवावे लागते. बुरशीनाशक मिसळलेले सिलिकॉन टाळणे आवश्यक आहे. कोणतेही द्रव्य प्रवाळाच्या जिवंत आवरणावर येता कामा नये.

मालवण व मुंबई :
मालवणचे सागरी अभयारण्य इ. स. १९८७ मध्ये घोषित झाले असून सिंधुदुर्गाभोवतीचा समुद्र त्याच्या गाभाक्षेत्रात येतो. ज्या किल्ल्याचा पाया शिशात बसविल्याचे सांगतात, त्याच्याच परिसरात प्रवाळ वाढते हे उल्लेखनीय आहे. इ. स. २००१ पासून प्रवाळास वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. त्यामुळे तेथील तुकडा तोडून टाकीत लावणे हा गुन्हा आहे. इ. स. २०२० मध्ये मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी हाजीअली व वरळी येथील १८ प्रवाळ-वसाहती हलविण्यात आल्या. टाकीतील छंदिष्टापुढील प्रश्न अशा रीतीने सार्वजनिक धोरणाचा प्रश्न झाला.

निष्कर्ष :
तटाच्या बांधकामात बंधद्रव्याने शतकानुशतके टिकावे अशी अपेक्षा असते. प्रवाळाच्या बाबतीत त्याचे काम काही आठवडे ते काही महिन्यांचेच असते. तेवढ्या अवधीत प्रवाळ स्थिर राहिले, तर ते स्वतःचे चुन्याचे बूड खडकावर पसरविते आणि खरा सांधा तेच घालते. मात्र पाणी तापून प्रवाळ पांढरे पडत असेल, गाळ साचत असेल वा होड्यांचे नांगर त्यावर आदळत असतील, तर उत्तम बंधद्रव्यही मृत सांगाडाच धरून ठेवील. म्हणून स्थलांतराच्या यशाचे मोजमाप किती तुकडे चिकटले यावर न करता किती तुकड्यांनी स्वतः खडक धरला यावर करणे अधिक योग्य ठरेल.