हाशिया कुणाचा?

नाना फडणवीसांना गीता छापायची होती. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट मॅलेट याच्याकडे तयार झालेला एक तांबट त्यांनी तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरण्याच्या कामाला लावला. १८०० साली नाना वारले. कारागीर मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाला गेला आणि १८०५ मध्ये गीता तिथे छापून झाली. त्याच वर्षी बंगालात श्रीरामपूरला केरीचे मराठी व्याकरण सुट्या खिळ्यांनी छापले गेले.

मराठी पुढे खिळ्यांच्या वाटेने गेली. उर्दू मात्र मिरजेच्याच वाटेवर राहिली, फक्त पत्र्याऐवजी दगड आला. नस्तालीक अक्षर उतरत्या ओळीत एकमेकांवर चढते, ते खिळ्यात बसेना. म्हणून कातिब हाताने लिही आणि शिळाप्रेसवर अख्खे पान चित्रासारखे उमटे. त्या पानाच्या कडेला हाशिया असे. कठीण शब्दांचे अर्थ, तफसीर, उस्तादांची टीप, सगळे तिथे. पान भरगच्च दिसे, पण त्या गर्दीला शिस्त होती: आधी मतन, मग हाशिया.

१९८१ मध्ये लाहोरच्या 'जंग'ने नूरी नस्तालीक वापरून संगणकावर अंक काढला, तेव्हा कुठे कातिबाची सद्दी संपू लागली. इंटरनेटवर मात्र उर्दू बराच काळ सरळ रेषेतल्या नस्ख अक्षरात दिसली. बालभारतीची नस्तालीक पुस्तके वाचून आलेले आमच्या सातारा-सांगलीकडचे मूल तिथे अडखळते, आणि मोठी माणसे म्हणतात की पोराला उर्दू येत नाही! त्यातून हाशियात आता जाहिराती, हलणारी चित्रे, 'हेही वाचा'.

उपाय ब्राउझरमध्येच आहे. आर्क९० या कंपनीने २००९ मध्ये 'रीडेबिलिटी' काढले. पानातला लेख तेवढा ठेवून बाकी झाकायचे. २०१० मध्ये सफारीने आणि २०१५ मध्ये संगणकावरच्या फायरफॉक्सने ही सोय आत घेतली. विंडोजवर फायरफॉक्समध्ये लेख उघडून एफ ९ दाबा. अक्षर मोठे करा, ओळींतले अंतर वाढवा, कागदाचा पिवळसर रंग निवडा. उर्दूसाठी आणखी एक काम. 'नोटो नस्तालीक उर्दू' हा फाँट मोफत मिळतो. तो संगणकात टाकून सेटिंगमधल्या फाँटच्या प्रगत भागात अरबी लिपीसाठी निवडा आणि पानांना स्वतःचे फाँट वापरू देणारी खूण काढा. ओळींतले अंतर तेव्हा हमखास वाढवा, नाहीतर नस्तालीकचे नुक्ते वरच्या ओळीला भिडतात.

दीनी लेख वाचताना मात्र एफ ९ पुन्हा दाबून मूळ पान एकदा बघून घ्यावे. यंत्राला जाहिरात आणि तळटीप यांतला फरक दर वेळी कळत नाही, आणि हदीसचा हवाला बहुतेक वेळा तळटीपेतच असतो.