चॉपवाल्याची नवी बॅट

टेबलापासून लांब उभं राहून चॉप करणारे आम्ही टेबल टेनिसमधले अल्पसंख्य. जुना प्लाय, म्हणजे बॅटचं लाकूड, तडकला की आम्हाला अगदी तस्साच हवा असतो: मोठा, मऊ, संथ. पण इतिहास बघितला की हा हट्ट सोडावासा वाटतो.

१९३६ साली प्रागला पोलंडचा एरलिख आणि रुमानियाचा पानेथ यांचा एकच पॉइंट दोन तासांहून जास्त चालला. तेव्हा नुसता बचाव पुरायचा. १९५२ मध्ये आपल्या मुंबईत जपानचा हिरोजी सातो स्पंजची बॅट घेऊन आला आणि विश्वविजेता झाला. तिथून बचाववाल्यांचे दिवस फिरले. २००० मध्ये चेंडू ३८ चा ४० मिलिमीटर झाला, २०१४ मध्ये सेल्युलॉइड जाऊन प्लास्टिक आलं. दोन्ही वेळा फिरकी घटली, म्हणजे चॉपची धारच गेली.

तरी २००३ मध्ये पॅरिसच्या विश्वस्पर्धेत कोरियाचा जू से-ह्युक फायनलला पोचलाच! चॉप करता करता, संधी मिळताच फोरहँडने तडाखे देत.

तेव्हा प्लाय मोठा घ्या, पण अगदी मेलेला नको. बचाव तर करायचाच, पण उलटून मारताही आलं पाहिजे.