पँथरचं गाव

यवतला बिबट्याची बातमी घेऊन आता कुणी धावत येत नाही. रात्री उसाला पाणी द्यायचं तर दोघांनी जायचं, हातात बॅटरी ठेवायची, मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावायची. एवढं पोराटोरांनाही पाठ झालंय. आमची आत्या त्याला बिबट्या म्हणत नाही, ‘वाघरू’ म्हणते. नाव घेतलं की येतं, असं तिचं मत.

तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून निघून यवतला मुक्कामाला आली होती. घरोघर भाकऱ्या थापल्या जात होत्या, देवळाकडे पिठल्याच्या कढया चढलेल्या. हायवेच्या कडेला एक टेम्पो उभा होता. त्याच्या फाळक्यावर निळ्या रंगात ‘पँथर’ लिहिलेलं आणि शेजारी झेप घेणारा काळा प्राणी. माझ्यासोबत शेजारचा सहावीतला मुलगा होता. त्यानं विचारलं, “काका, हा बिबट्याच ना? मग काळा कसा?” मी म्हणालो, “हा अमेरिकेतून आलाय.” त्याचा पुढचा प्रश्न तयारच होता, “अमेरिकेत बिबटे असतात?”

त्याला उत्तर देण्यासाठी मी शोधायला बसलो, आणि तेव्हापासून हे वेड लागलं. उत्तर एका शब्दाचं आहे : नसतात.

माहीत असलेली वंशावळ चटकन सांगून टाकतो. टेम्पोवरचा पँथर 1972 साली मुंबईत जन्मलेल्या दलित पँथर या संघटनेचा. दलित पँथरनं नाव घेतलं ते ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ऑक्टोबर 1966 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला काढलेल्या ब्लॅक पँथर पक्षाकडून. बहुतेक लेखक इथवर येऊन थांबतात. पण ओकलंडच्या पोरांनाही ते चित्र आयतंच मिळालं होतं. ते आलं होतं दक्षिणेतल्या अलाबामा राज्यातून, लाउंड्स नावाच्या कापसाच्या जिल्ह्यातून. आणि तिथं ते चित्र म्हणजे चक्क निवडणूक चिन्ह होतं. आपल्याकडच्या शिट्टी, नांगर, कपबशीसारखं.

मतपत्रिकेवर प्रत्येक पक्षाचं चित्र हवं, असा अलाबामात नियम होता. अक्षर न ओळखणाऱ्यांची सोय. डेमोक्रॅटिक पक्षाचं चित्र होतं पांढरा कोंबडा. कोंबड्याच्या डोक्यावर शब्द होते ‘गोऱ्यांचं वर्चस्व’, पायाशी होतं ‘न्यायासाठी’. हे भिंतीवर कुणी रात्री खरडलेलं नव्हतं, राज्याच्या अधिकृत मतपत्रिकेवर छापलेलं होतं. ते शब्द काढले गेले थेट 1966 च्या सुरुवातीला.

त्या कोंबड्याची मुळं 1901 मध्ये आहेत. त्या साली अलाबामानं नवी राज्यघटना लिहिली. घटना परिषदेचे अध्यक्ष जॉन नॉक्स यांनी उद्‌घाटनाच्या भाषणातच हेतू सांगून टाकला : कायद्याच्या चौकटीत राहून गोऱ्यांचं राज्य पक्कं करायचं. मग मतदानासाठी पट्टी, जमिनीची अट, वाचता येण्याची परीक्षा. 1900 साली राज्यात मतदानाच्या वयाचे काळे पुरुष एक लाख ऐंशी हजारांवर होते. नव्या घटनेनंतर यादीत उरले तीन हजारांच्या आसपास. म्हणजे एकाच राज्यात अक्षराची परीक्षा काळ्याला बाहेर ठेवण्यासाठी, आणि कोंबड्याचं चित्र अडाणी गोऱ्याला आत घेण्यासाठी. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या त्या रात्री मला झोप आली नाही.

मतपेटीतून जे साधलं नसतं ते दोरीनं साधलं जात होतं. दिवसाढवळ्या माणसाला झाडाला लटकवायचं, जमावानं फोटो काढायचे, त्यांची पोस्टकार्डं छापायची, असा तो काळ. आयडा वेल्स या काळ्या बाईनं एकेका प्रकरणाची चौकशी करून लिहिलं की बलात्काराचा आरोप हे बहुतेक वेळा निमित्त असतं. खरं दुखणं काळ्यानं दुकान काढलं, हिशेब मागितला, हे असतं. 1917 मध्ये ईस्ट सेंट लुईसच्या कत्तलीनंतर न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरून सुमारे दहा हजार काळी माणसं, बायकामुलं पांढऱ्या कपड्यांत, एक घोषणाही न देता चालत गेली. ऐकू येत होते ते फक्त ढोल.

आमच्यासारख्या शेतकरी मुलखातल्या माणसाला जास्त भिडतं ते 1919 चं एलेन. आर्कान्सा राज्यातलं हे गाव. कापूस वाट्यानं पिकवणारे काळे वाटेकरी एका चर्चमध्ये जमले होते. मागणी काय, तर मालकानं कापूस कितीला विकला त्याची पावती दाखवा. चर्चबाहेर गोळीबार झाला, एक गोरा मेला, आणि मग अनेक दिवस माणसं टिपली गेली. मेलेल्यांचा आकडा शंभराच्या पुढे की दोनशेच्या, यावर इतिहासकार अजून भांडतात. फाशीची शिक्षा मात्र बारा काळ्यांना झाली. त्यांच्यातल्या सहा जणांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, 1923 मध्ये जिंकला गेला, आणि शेवटी बाराही जण सुटले. नुसती मार खाण्याची गोष्ट म्हणून हा काळ सांगणाऱ्यांना मी या खटल्याची आठवण करून देतो.

लाउंड्सही त्याच मातीतलं. 1935 मध्ये तिथल्या कापूस वेचणाऱ्यांनी संप केला, तो गोळ्यांनी मोडला गेला. लोक जिल्ह्याला ‘रक्ताळलेलं लाउंड्स’ म्हणत. वस्तीत शंभरातले ऐंशी काळे, आणि 1965 उजाडलं तेव्हा मतदार यादीत त्यांच्यातला एकही नाही. त्या वर्षी स्टोकली कार्मायकल आणि त्याचे विद्यार्थी सोबती तिथं पोचले. जॉन ह्यूलेट हा स्थानिक माणूस पुढे झाला. ज्यांनी नाव नोंदवलं त्यांना मालकांनी घराबाहेर काढलं. ती कुटुंबं हायवेच्या कडेला तंबू ठोकून राहिली. काळ्यांनी स्वतःचा जिल्हा पक्ष काढला आणि पहिली अडचण उभी राहिली ती चित्राची. कोंबड्यासमोर काय ठेवायचं?

रूथ हॉवर्ड या कार्यकर्तीनं आधी कबूतर सुचवलं. ते कुणाच्याच गळी उतरलं नाही. (कोंबड्यासमोर कबूतर! बरंच झालं.) मग तिला अटलांटातल्या क्लार्क कॉलेजचा पँथर आठवला. काळ्या मुलांचं हे जुनं कॉलेज, पँथर त्याच्या खेळाडूंचं बोधचिन्ह. तेच चित्र थोडं फिरवून घेतलं. म्हणजे या क्रांतीची जननी एका कॉलेजची जर्सी. ह्यूलेटनं त्याला अर्थ चिकटवला : हा प्राणी डिवचला की मागे सरतो, भिंतीला पाठ लागेपर्यंत सरतो, आणि मग जीव घेऊनच बाहेर पडतो. पक्षाचं खरं नाव लांबलचक होतं. ‘ब्लॅक पँथर पार्टी’ हे बारसं वर्तमानपत्रांनी केलं. कार्मायकल चिडून म्हणायचा, मग डेमोक्रॅटना पांढरा कोंबडा पार्टी का म्हणत नाही? नोव्हेंबर 1966 मध्ये पँथरचे सगळे उमेदवार पडले. चार वर्षांनी ह्यूलेट त्याच जिल्ह्याचा शेरीफ झाला.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. अलाबामात पँथर म्हणतात तो प्यूमा, भुऱ्या अंगाचा. काळा प्यूमा आजवर कुणी खात्रीनं पाहिलेला नाही. गावगप्पांत तो दिसतो, पिंजऱ्यात कधी नाही. दक्षिण अमेरिकेत काळा जग्वार असतो, पण तो अलाबामाच्या कापसात कुठला यायला? काळा पँथर म्हणजे मुळात काळा बिबट्या. अंगात काळा रंग जास्त उतरलेला, उन्हात नीट पाहिलं तर ठिपकेही दिसणारा. तो सापडतो आपल्या सह्याद्रीत, कोकणात, कर्नाटकात काबिनीला. 2018 मध्ये ताडोबात एक दिसला आणि फोटोवाल्यांची झुंबड उडाली. म्हणजे लाउंड्सच्या मतपत्रिकेवर जो छापला गेला तो प्राणी त्या खंडात नव्हताच. तो आमच्याकडचा. यवतच्या उसातले सगळे ठिपक्यांचे आहेत, हे कबूल करतो. पण कूळ तेच.

प्राणी आपला, तर मग शब्द? इथं माझी गाडी रुळावरून थोडी घसरते असं घरचे म्हणतात.

‘पँथर’ ग्रीकांकडून आला. ग्रीकांनी त्याची फोड केली ‘पान’ आणि ‘थेर’, म्हणजे ‘सगळी जनावरं’. ही फोड पंडितांनी केव्हाच निकालात काढली. अनोळखी शब्दाला ओळखीचे कपडे घालण्याचा तो प्रकार. शब्द पूर्वेकडून आला यावर बऱ्याच जणांचं एकमत आहे, आणि कोशकार तुलनेसाठी ज्या संस्कृत शब्दाकडे बोट दाखवतात तो आहे पुंडरीक! पुंडरीक म्हणजे पांढरं कमळ, हे सगळ्यांना ठाऊक. पण अमरकोशात त्याचा एक अर्थ वाघ असाही दिला आहे. हे वाचलं तेव्हा बाहेर दिंडीत गजर चालला होता, पुंडलिकाच्या नावाचा. पँथर आणि पुंडलिक एका आडनावाचे निघाले तर!

एवढ्यावर थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. अमरकोश पुढे सांगतो की आठ दिशांच्या आठ हत्तींपैकी आग्नेयेच्या हत्तीचं नाव पुंडरीक. यवतहून पंढरपूर आग्नेयेलाच. आणि बाबासाहेबांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशननं 1952 ची निवडणूक लढवली ती हत्ती या चिन्हावर. वाघ, हत्ती, पंढरी, सगळं एका शब्दात.

विरोधकांचं म्हणणंही मांडायला हवं. एक गट म्हणतो, मांजरकुळातल्या ग्रीक शब्दांपैकी संस्कृतशी नातं जुळतं ते ‘पार्दोस’चं, म्हणजे लेपर्डमधल्या ‘पर्ड’चं, आणि तेही ‘पृदाकु’शी. पँथर हा आशिया मायनरमधल्या कुठल्या तरी हरवलेल्या भाषेचा. त्यावर माझं उत्तर : पृदाकु वेदात साप आहे, वाघ तो नंतर झाला, सापाला चालतं ते पुंडरीकाला का चालू नये? दुसरा आक्षेप जड आहे. पुंडलिकाचं नाव वाघावरून नाही, कमळावरूनही नाही, तर गावावरून आलं. पंढरपूरचं जुनं नाव ‘पंडरगे’, कानडी वळणाचं. संशोधक रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाचा शोध घेताना दाखवलं की पुंडलिकाची समाधी म्हणतात ते मुळात शिवाचं स्थान. हे खरं मानलं तर पुंडलिकाचा वाघाशी संबंध तुटतो, आणि ढेऱ्यांपुढे मी वाद घालणार नाही. माझ्या हाती उरतो फक्त अमरकोशातला वाघ. तेवढाही मला पुरतो. पँथरच्या जन्माच्या किती तरी आधी, ज्या वाटेनं चोखोबा पंढरीला गेले आणि महाद्वाराबाहेर थांबले, त्या वाटेवर हा शब्द घुमत होता, हा विचार सोडवत नाही.

आता शब्द मुंबईला कसा पोचला? दलित पँथरची स्थापना नेमकी कुणी, कधी केली यावर संस्थापकांतच भांडण आहे. ज. वि. पवार 29 मे 1972 सांगतात, त्यांनी आणि नामदेव ढसाळांनी मिळून. राजा ढाले यांच्या बाजूचे ते मानत नाहीत. अमेरिकन साप्ताहिकातल्या बातम्यांवरून नाव सुचलं असंही सांगितलं जातं. 1973 च्या जाहीरनाम्यात अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरशी नातं उघड सांगितलेलं आहे, त्यामुळे उसनवारीबद्दल वाद नाही. बाबासाहेबांनीही 1946 मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. ही ये-जा जुनीच.

माझा लाडका तर्क वेगळा आहे. ढसाळांचं जन्मगाव पूर-कनेरसर, खेड तालुक्यातलं, आमच्या शिरूरला लागून. आज तो सगळा पट्टा बिबट्याचा आहे. ज्यानं ते नाव उचललं त्याच्या कानात जनावराची डरकाळी आधीपासून होती, असं मला म्हणायचंय. एका मित्रानं हे दोन वाक्यांत मोडलं : ढसाळ लहानपणीच मुंबईला गेले, आणि उसात बिबट्यांचा असा सुळसुळाट झाला तो नंतर. मित्राचं बरोबर आहे. तरी डोंगरात बिबटे तेव्हाही होतेच, एवढं शेपूट मी धरून ठेवलंय.

पण नाव रुजायला कारण लागतं, आणि ते आमच्याच हायवेनं पुढे गेलं की सापडतं. 1972 मध्ये इंदापूर तालुक्यातल्या बावड्याला दलितांवर गावानं बहिष्कार टाकला. किराणा बंद, काम बंद, बोलणं बंद. त्याच वर्षी परभणीकडच्या ब्राह्मणगावात दलित बायकांची विटंबना झाली. लाउंड्सच्या हायवेवरचे तंबू आणि बावड्याची ओस पडलेली वाट यांत मला फारसा फरक दिसत नाही. त्या 15 ऑगस्टच्या ‘साधना’त ढाले यांनी लिहिलेल्या लेखाचं शीर्षक होतं ‘काळा स्वातंत्र्यदिन’. काळा हा रंगही सोबतच आला होता, बघा.

भाषांतर का केलं नाही, हे कोडं उरतं. तमिळनाडूत हीच चळवळ गेली तेव्हा त्यांनी सरळ ‘चिरुत्तै’ म्हटलं, म्हणजे बिबट्या. मराठीत ‘दलित बिबट्या’ कुणी म्हटलं नाही. माझा अंदाज असा की आमच्या गावात बिबट्या म्हणजे रात्री कुत्रं उचलून नेणारा, दबक्या पायांचा. वाघ म्हणावं तर तो आधीच दुसऱ्यांच्या झेंड्यावर बसलेला. शिवसेना 1966 ची, न्यूटन-सीलच्या पक्षाच्याच वर्षीची. उरला पँथर. परका होता म्हणून कुणाच्या देव्हाऱ्यात नव्हता, कुणाच्या शिवीतही नव्हता.

ज्या चित्राचा जन्मच मतपत्रिकेसाठी झाला, ते आपल्याकडे मतपत्रिकेवर येऊ शकत नाही. प्रचारात जिवंत जनावरांचे हाल होतात म्हणून निवडणूक आयोगानं नवी प्राणीचिन्हं देणं बंद केलं. हत्ती, सिंह असे जुने तेवढे राहिले. तमिळनाडूतले चिरुत्तै मतं मागतात मडक्यावर.

त्या सहावीतल्या मुलाला हे सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मग टेम्पोवरचा आपलाच?” मी हो म्हणालो. पलीकडच्या उसात वनखात्यानं पिंजरा लावलाय, तो बघायला तो पळाला.