रस्त्यावरून दिसणारी जमीन

रस्ता सरकारच्या मालकीचा असतो, परंतु रस्त्यावरून जे दिसते ते सरकारचे नसते. वाटसरूच्या डोळ्यांना सुखविणारी टेकडी ही कोणा खातेदाराची खासगी मिळकत असते, आणि तिच्या माथ्यावर त्याने उद्या बंगला उठविला, तर नुकसान होते ते ज्यांचे नाव कोणत्याही दस्तऐवजात आढळणार नाही अशा असंख्य प्रवाशांचे. त्यांच्या वतीने दाद कोणी मागावी, आणि ती कोणत्या कलमाखाली? हा तंटा मिटविण्याचा अमेरिकेतील सर्वांत धीट प्रयत्न, माझ्या मते, कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे परगण्याच्या दक्षिण किनाऱ्यावर, बिग सुर या प्रदेशात झाला.

सांता लुसिया पर्वताचे कडे येथे थेट पॅसिफिक महासागरात उतरतात. एकेकाळी एसेलेन लोकांची वस्ती असलेल्या या मुलखात विसाव्या शतकाच्या आरंभीही धड गाडीवाट नव्हती. 1894 साली 'लॉस एंजेलिस' नावाची आगबोट पॉइंट सुरजवळ फुटली, तेव्हा जखमींच्या शुश्रूषेसाठी धावलेले मॉन्टेरेचे डॉक्टर जॉन रॉबर्ट्स यांनी पुढे या किनाऱ्याला सडक हवी असा ध्यास घेतला आणि सरकारदरबारी तो चिकाटीने चालविला. 1919 साली मतदारांनी पैशाची तजवीज मंजूर केली. पुढे कामावर सॅन क्वेंटिन तुरुंगातील कैदीही लावण्यात आले, ज्यांना दिवसाकाठी 35 सेंट मजुरी आणि शिक्षेत सूट मिळे. 1932 साली बिक्सबी ओढ्यावर अडीचशे फुटांहून अधिक उंचीचा काँक्रीटचा कमानी पूल उभा राहिला आणि 1937 च्या जूनमध्ये सबंध रस्ता वाहतुकीस खुला झाला. आज निसर्गसौंदर्याचा मानबिंदू म्हणून जो रस्ता मिरविला जातो, तो सुरुंगांनी कडे फोडून आणि त्यांचा राडारोडा समुद्रात लोटून तयार झाला आहे, हे त्याच्या स्तुतिपाठकांना फारसे आठवत नाही.

रस्ता झाला आणि त्याच्या मागोमाग जमिनीचे गिऱ्हाईक आले. त्याला आवर घालायचा, तर कायद्याच्या हाती तोवर फार थोडी साधने होती. न्यूयॉर्क शहराने 1916 मध्ये सर्व शहरासाठी झोनिंगचे, म्हणजे जमिनीचे वापरानुसार विभाग पाडण्याचे, नियम केले होते, आणि 1926 मध्ये ओहायोतील युक्लिड या लहानशा गावाच्या मुकदम्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे नियम घटनासंमत ठरविले होते. परंतु त्यांचा आधार आरोग्य, सुरक्षितता आणि शेजाऱ्यांना होणारा उपद्रव हा होता. इंग्लंडने 1935 च्या कायद्याने वर्गीकृत रस्त्यांच्या मध्यापासून 220 फुटांच्या आतील बांधकामावर नियंत्रण आणले, आणि आपल्या मुंबई इलाख्याच्या 1955 च्या महामार्ग कायद्यानेही बांधकाम-रेषा व नियंत्रण-रेषा आखण्याचा अधिकार दिला. तथापि या रेषा फुटपट्टीने मोजावयाच्या असतात, आणि दोनशे फुटांपलीकडे पण डोळ्यांदेखत उभ्या असलेल्या डोंगराविषयी त्यांना काहीच म्हणावयाचे नसते. केवळ सौंदर्यासाठी मालकाचा हात धरता येईल काय, याविषयी न्यायाधीश दीर्घकाळ साशंक होते. 1954 मध्ये, भूसंपादनाच्या एका मामल्यात का होईना, न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी लोककल्याणाच्या कक्षेत सौंदर्यही येते असा निर्वाळा दिला, आणि ही शंका बरीचशी सैल झाली.

बिग सुरच्या रक्षणासाठी पुढे सरसावलेल्यांमध्ये वास्तुशिल्पी नॅथॅनियल ओविंग्ज हे प्रमुख होते. गगनचुंबी इमारतींसाठी जगभर गाजलेल्या पेढीचे हे एक संस्थापक, ज्यांनी स्वतःचे घर मात्र याच किनाऱ्यावर अगदी कड्याच्या टोकाशी बांधले होते. या विसंगतीबद्दल त्यांना दोष देणे सोपे आहे, पण जो दृश्यात राहतो त्यालाच दृश्याची किंमत आधी कळते, हेही खरे. 1962 मध्ये परगण्याने किनाऱ्याचा बृहत् आराखडा स्वीकारला, ज्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुढल्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याने निसर्गरम्य महामार्गांचा कायदा केला, आणि त्यात एक शहाणपणाची अट घातली: स्थानिक शासनाने रस्त्याच्या दुतर्फा दिसणाऱ्या पट्ट्यासाठी जमीन-वापर, जाहिरातफलक, मातीची खोदाई आणि इमारतींचे रूप यांविषयी नियम केल्याखेरीज कोणत्याही रस्त्याला हा किताब मिळावयाचा नाही. 1966 च्या सप्टेंबरात राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन यांच्या उपस्थितीत बिक्सबी पुलाशी या सन्मानाचा समारंभ झाला.

अशा नियमांची जी पद्धत पुढे अमेरिकेत रूढ झाली, तिच्यात मूळचे झोनिंग रद्द होत नाही. शेतीची जमीन शेतीचीच राहते, वस्तीची वस्तीचीच, आणि त्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवावा तसा अटींचा दुसरा थर चढविला जातो. बिग सुरमध्ये या थराला अपूर्व कठोरता आली. 1972 च्या जनमतकौलाने किनारा-आयोग निर्माण केला होता आणि 1976 च्या कायद्याने त्याचे अधिकार पक्के केले होते. 1980 च्या सुमारास हा प्रदेश संघराज्य शासनाच्या ताब्यात देण्याची सूचना पुढे आली. छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स तिचे पुरस्कर्ते होते, पण बऱ्याच रहिवाशांना वॉशिंग्टनचा अंमल नको होता, आणि ते विधेयक सिनेटमध्ये अडले. तेव्हा आपला बंदोबस्त आपणच करणे परगण्याला भाग पडले. 1986 मध्ये आयोगाने मान्य केलेल्या आराखड्याने असे ठरविले की, महामार्गावरून आणि प्रमुख सार्वजनिक ठिकाणांवरून जे जे दृष्टीस पडते त्या जमिनीवर, काही थोडे अपवाद वगळता, नवे बांधकाम होणार नाही. हद्द फुटांनी ठरली नाही. ती डोळ्याने ठरली. मालकाने आपल्या नियोजित घराच्या जागी खांब रोवून त्यांना निशाणे लावावयाची, आणि अंमलदाराने रस्त्यावरून पाहावयाचे: निशाण दिसले, तर अर्ज नामंजूर. ज्याची जमीन यामुळे निरुपयोगी ठरली, त्याला एका भूखंडामागे दोन विकसन-हक्क मिळत, जे दृष्टिआड असलेल्या जमिनीवर वापरता वा विकता येत. मुंबईकर 1991 पासून ज्याला 'टीडीआर' म्हणून ओळखतात, त्याच कुळातील हा व्यवहार.

या योजनेत एक पक्षपात आहे, आणि तो लपविण्याजोगा नाही. जी दरी मोटारीतून दिसत नाही तेथे घर उठू शकते, मग ती कितीही रमणीय असो. जो उघडा उतार दिसतो तेथे झोपडीदेखील नाही. शिवाय जुनी घरे जेथे होती तेथेच राहिली आणि नवी दुर्मीळ झाल्याने त्यांचे मोल वाढले, तर त्याच रस्त्यावरच्या खाणावळींत व विश्रामगृहांत राबणाऱ्यांना निवारा मिळणे कठीण झाले. गावठाणांसारख्या काही मोजक्या वस्त्यांना कडक नियमातून सूट देऊनही ही अडचण पुरती सुटली नाही. राज्याच्या कायद्याने ग्रामीण भागात हा महामार्ग दोन पदरीच ठेवण्याचे धोरण पत्करले आहे, तेव्हा रस्ता रुंद होणार नाही. आणि त्याच रस्त्याने पहाटे दुरून कामावर येणाऱ्या स्वयंपाक्यांची व सफाई कामगारांची गाडी पर्यटकांच्या मोटारींच्या रांगेत अडकणार, हेही आराखड्यात न लिहिलेले पण ठरलेलेच कलम आहे.