सागाचा ओंडका विकताय? करवत चालवण्याआधी हे वाचा

बांधावरचं सागाचं झाड तोडलं की व्यापारी येतो, खोडाभोवती एक चक्कर मारतो आणि सांगतो, 'उक्ते इतके देतो.' अनेकदा व्यवहार तिथेच संपतो. व्यापाऱ्याने मात्र त्या एका चकरेत बरंच काही मोजलेलं असतं. ओंडक्यातून कोणत्या मापाचं, किती स्वच्छ लाकूड निघेल याचा हिशोब त्याच्या डोक्यात तयार असतो. तोच हिशोब विकणाऱ्यालाही करता येतो. कसा, ते पाहू.

आधी कागदपत्रं

साग तुमच्या मालकीच्या शेतात असला तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ त्याला लागू होतो. तोडण्याआधी परवानगी आणि लाकूड हलवण्यासाठी वनविभागाचा वाहतूक पास लागतो. हे कागद नसले की भाव पडतो, कारण घेणारा आपली जोखीम किमतीतून वजा करतो. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या कार्यालयात आधी चौकशी करा.

ओंडका मोजतात कसा?

ओंडक्याच्या मधोमध टेप गुंडाळून घेर घेतात. बुंध्याशी घेर जास्त आणि शेंड्याकडे कमी असतो, म्हणून मधला घेर धरतात. साल जाड असेल तर ती काढून मोजायचं. मग घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याला त्यानेच गुणायचं आणि पुन्हा लांबीने गुणायचं. ही 'क्वार्टर गर्थ' पद्धत.

उदाहरण घेऊ. घेर ४ फूट, लांबी १० फूट. ४ चा चौथा भाग १. म्हणजे १ × १ × १० = १० घनफूट.

पण भूमितीप्रमाणे याच ओंडक्यात जवळपास १२.७ घनफूट लाकूड असतं. क्वार्टर गर्थ पद्धतीत सुमारे साडेएकवीस टक्के लाकूड कमी धरलं जातं. ही फसवणूक नाही. गोल ओंडका चौकोनी करताना कडेचं लाकूड वाया जातं, ते आधीच वजा करण्याचा हा जुना रिवाज आहे. घोळ होतो तो दोन पद्धतींची सरमिसळ झाल्यावर. म्हणून कुणी घनफुटाचा भाव सांगितला की पहिला प्रश्न विचारा: 'घनफूट कोणत्या हिशोबाने?'

जाड ओंडक्याला घनफुटामागेही जास्त भाव का?

ओंडक्याचं कापलेलं टोक पाहा. मध्ये सोनेरी-तपकिरी गाभा दिसतो आणि सालीलगत फिकट पट्टा. साग टिकतो, त्याला वाळवी सहज लागत नाही, असं आपण म्हणतो ते गाभ्याबद्दल. फिकट भागाला कीड लागते.

आता हा पट्टा सगळीकडून १ इंच जाड आहे असं धरा. ४ फूट घेराच्या ओंडक्यात सुमारे पाव लाकूड फिकट निघेल. २ फूट घेराच्या ओंडक्यात हेच प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास जातं. शिवाय घेर दुप्पट झाला की लाकूड चौपट होतं. म्हणून कोवळा साग घाईने तोडणं सहसा महागात पडतं.

दोष कुठे शोधायचे?

• टोकाला: मध्यभागी पोकळी, मऊ भाग किंवा ताऱ्यासारख्या भेगा आहेत का?
• अंगावर: फांद्या जिथून फुटल्या तिथे लाकडात गाठी असतात. सालीवरचा फुगवटा आतली गाठ सांगतो.
• आकारात: खोड वाकलंय का? रेषा पिळल्यासारख्या फिरतात का? अशा फळ्या वाळताना वाकतात.
• धातू: बांधावरच्या झाडाला कधीकाळी कुंपणाची तार किंवा खिळा ठोकलेला असतो. लाकूड वाढतं आणि तो आत गडप होतो. करवतीचं पातं त्यावर तुटू शकतं, म्हणून असा ओंडका चिरायला सॉ मिल नाखूश असते. माहीत असेल तर आधीच सांगा.

पहिला काप सगळ्यात महत्त्वाचा

दाराच्या चौकटीचा उभा तुकडा साधारण ७ फुटांचा लागतो. समजा तुमच्याकडे १५ फुटांचं सरळ खोड आहे. त्याचे साडेसात फुटांचे दोन ओंडके केले, तर दोन्ही चौकटीच्या कामाचे. उरलेलं अर्धा-अर्धा फूट टोकं छाटायला उपयोगी पडतं. पण ट्रॉलीत नीट बसावं म्हणून पाच-पाच फुटांचे तीन तुकडे केले, तर दारासाठी एकही उरत नाही. झाड तेच असतं, पण गिऱ्हाईक बदलतं आणि किंमतही.

कोणत्या ओंडक्याचं काय करावं?

• जाड, सरळ, बिनगाठीचा: विनियर किंवा मोठं फर्निचर.
• मध्यम आणि सरळ: दारं-खिडक्यांच्या चौकटी, पलंग.
• वाकडा पण निरोगी: वाकाच्या जागी तोडून खुर्च्या, देव्हारा, लहान फळ्या.
• पोकळ: कडेच्या चांगल्या लाकडातून छोट्या वस्तू.
• बारीक: खांब, वासे.

घरासाठीच वापरणार असाल, तर चिरल्यावर ओंडक्याच्या बऱ्याचदा निम्म्याच्या आसपासच कामाचं लाकूड हाती येतं, हे धरून चाला. टोकांना लगेच रंग किंवा मेण लावा आणि ओंडके जमिनीपासून उचलून सावलीत ठेवा. टोकं भराभर वाळली की भेगा आत शिरतात.

भाव कसा पडताळायचा?

महाराष्ट्रातला नावाजलेला साग गडचिरोली-चंद्रपूरचा. अयोध्येच्या राम मंदिरासाठी २०२३ मध्ये सागाचं लाकूड बल्लारपूरहून गेलं होतं. सरकारी आगारांमध्ये सागाचे ओंडके लांबी आणि घेरानुसार वेगळे लावून लिलाव होतो. तुमच्या ओंडक्याच्या मापाला तिथे काय भाव मिळाला, हे विचारा. त्या मालाची प्रत वेगळी असू शकते, त्यामुळे हुबेहूब तोच भाव मिळेल असं नाही. पण बोलणी कुठून सुरू करायची, हे कळतं.

आणि उक्ता सौदाच करायचा असेल, तरी प्रत्येक ओंडक्याचा घेर आणि लांबी आधी स्वतः मोजून वहीत लिहा. मग किमान दोन व्यापाऱ्यांना बोलवा आणि दोघांना तीच वही दाखवा.